हाताला वेढा

अंगठा वर. म्हणजे : सोडा.

"परत," अनुया म्हणाली.

दादांनी गादी परत उचलली. निळ्या खोळीची, गाडीतली, अजून अंथरुणाचा वास असलेली. सुरूच्या सावलीत ती दोन्ही हातांनी आडवी धरून ते उभे राहिले. समोर वाळूत त्यांची मुलगी. तिनं अंगठा वर केला. दादांनी गादी सोडली. गादी त्यांच्याच पायांवर पडली.

"उशीर."

"उशीर कसला? लगेच तर सोडली."

"आधी अंगठा बघितलात. मग गादीकडं बघितलंत. मग सोडलीत. मध्ये काही करायचंच नाही, दादा. अंगठा दिसला की बोटं उघडली, संपलं. परत."

टपरीतून हरेश्वर ओरडला, "काका, गादी झटकायची तर काठी देऊ का?"

हा हरेश्वर जागेचा मालक. शहाळ्यांची टपरी त्याची, मागची सुरूची पट्टी त्याची, तिथला नळ आणि पत्र्याचा संडासही त्याचाच. त्याच्या मेहेरबानीनं अनुयाची गाडी सुरूत उभी होती.

"तू शहाळी विक रे बाबा," दादा म्हणाले.

"कोणाला विकू? गिऱ्हाईक सगळं तुमची सर्कस बघत उभं हाय."

गिऱ्हाईक कोणीच नव्हतं. वेळास-आगरच्या पुढचा किनारा, आठवड्याच्या मधला वार, एप्रिलची सकाळ. एक कुत्रं होतं, तेही झोपलेलं.

अनुया जवळ आली. तिनं दादांचा उजवा हात धरून वर केला आणि त्यांनाच दाखवला. गादीच्या खोळीचा बंद त्यांच्या दोन बोटांभोवती गुंडाळलेला होता.

"हे काय?"

दादांनी बोटांकडं पाहिलं. बंद कधी गुंडाळला, त्यांना पत्ताच नव्हता.

"हे करायचं नाही," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता. "काइटच्या पुढच्या कडेला बारीक दोऱ्या लोंबत असतात. त्यांना हात लावायचा नाही. कड तळव्यांनी धरायची, नुसती. हाताला वेढा घ्यायचा नाही. काही झालं तरी."

"नाही घेणार."

"परत."

ही गाडी एके काळी कुठल्याशा कारखान्याच्या कामगारांची ने-आण करायची. आता तिच्यात आडवा पलंग होता, कढईएवढं बेसिन, दोन शेगड्यांचा गॅस, खिडकीला टांगलेल्या जाळीत कांदे-बटाटे, आणि मागच्या दाराशी पिशव्यांत घड्या घालून ठेवलेले मोठेमोठे पतंग. त्यांना ती काइट म्हणायची. एक पसरला तर अर्धी गाडी झाकली जाईल. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, पट्ट्याला दांडा, दांड्याला लांब दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकाला पतंग. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला, आणि माणूस पाण्यावरून पळत सुटतो. हे ती लोकांना शिकवायची. हिवाळा-उन्हाळा इकडं, पावसाळ्यात तमिळनाडूच्या टोकाला. घर कुठं, असं कोणी विचारलं की ती गाडीच्या पत्र्यावर थाप मारायची.

ती थाप नागावला, वाडीत बसलेल्या तिच्या आईला, कुमुदला, ऐकू यायची.

गेल्या पावसाळ्यात तिकडं पतंगानं तिला वाळूवरून ओढत नेलं आणि खांदा मोडला. पाण्यात पडलं तर पाणी माणसाला झेलतं, वाळू झेलत नाही. दिवाळीपर्यंत ती वाडीत, हात गळ्यात बांधून. कुमुद घास भरवायची आणि प्रत्येक घासाला एकच प्रश्न विचारायची : हे सगळं कधी सोडणार? शेवटी अनुयानंच अट घातली.

"दादांना माझ्याबरोबर पाठव. गाडीत राहू देत थोडे दिवस. त्या मुक्कामात काइटनं मला एकदा, फक्त एकदा, वाळूवर ओढलं, तर गाडी वाडीत आणून लावते. चावी तुझ्या हातात. सगळं बंद. आणि नाही ओढलं, तर हा विषय या घरात परत निघणार नाही."

"शप्पथ?" कुमुद म्हणाली.

"दादा साक्षीला आहेत की."

निघताना कुमुदनं दादांच्या पिशवीत बेसनाच्या वड्यांचा डबा ठेवला आणि हळूच म्हणाली, "तुम्ही काही बोलू नका. नुसतं बघा. काय ते वारा करील."

ते वाक्य घेऊन दादा आगरदांड्याच्या धक्क्यावर गेले, गाडीसकट बोटीत चढले, दिघीला उतरले. वड्या दोन दिवसांत संपल्या. वाक्य पिशवीत तसंच होतं.

डोक्यावर हात. म्हणजे : धरा.

धरण्यात दादा एक नंबर.

आल्यापासून पतंग हवेत सोडायचं काम प्रणय करायचा. पुण्याचा, अनुयाचा मित्र, तो पण याच वेडातला. दादांकडं उतरवून घ्यायचं काम दिलं होतं. अनुया पाण्यातून किनाऱ्याला यायची, एक हात डोक्यावर ठेवायची. मग पतंग वाऱ्याच्या एका बाजूला झुकत झुकत खाली यायचा, जमिनीच्या वर हातभर थरथरत राहायचा, आणि दादा दोन पावलं पुढं जाऊन त्याची कड अशी पकडायचे की प्रणयही टाळ्या वाजवायचा. पकडायचा, उलटा करायचा, पोटावर वाळू टाकायची. पतंग गप्प.

"दादा, तुम्हाला नोकरीवर ठेवते," अनुया म्हणाली होती.

"पगार?"

"बेसनाच्या वड्या."

"त्या तुझी आई फुकट देते."

"आई? फुकट?" आणि दोघं गाडीच्या पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते.

तेव्हा दादांच्या मनात आलं होतं की हे काही वाईट नाही. पायरीवरचा चहा, ओले टॉवेल, समोर भरतीचं पाणी. आलं होतं, आणि त्यांनी ते झटकून टाकलं होतं. कारण चहा पिताना ती उजवा खांदा डाव्या हातानं दाबत होती, आणि आपण दाबतोय हे तिला कळत नव्हतं.

प्रणयची रजा संपली. आज सकाळी तो गेला. म्हणून गादी. म्हणून अंगठा. आज पतंग सोडायचाही दादांनी, आणि धरायचाही दादांनीच.

आता दादांचे हात. नोकरी सगळी तहसील कचेरीत गेली, पण हात वाडीतले. माडावरून शहाळी खाली उतरवतात ती टाकत नाहीत, टाकली तर फुटतात. वर चढलेला माणूस घडाला दोर बांधतो, दोर झावळीच्या देठावरून घेतो, दुसरं टोक खाली उभ्या असलेल्याच्या हातात. घड कापला की सगळा भार त्या खालच्या हातांवर येतो. तो भार हळूहळू सोडत घड जमिनीवर टेकवायचा. दादा लहानपणापासून खालचे. त्यांच्या वडिलांनी त्यांना एवढंच शिकवलं होतं : हाताला वेढा घे, तळवा सोलला तरी चालेल, दोर सुटता कामा नये. खाली माणसं असतात.

दोर एकदाच सुटला होता. कोणाला लागलं नाही. पण वडिलांनी ज्या नजरेनं पाहिलं, त्यानंतर दोर कधी सुटला नाही. उजव्या तळव्यावर, करंगळीच्या बाजूला, एक गुळगुळीत पट्टी कायमची राहिली. तिथं रेषा नाहीत.

असे हात.

त्या हातांना ही पोरगी गादी घेऊन सोडायला शिकवत होती.

दोन्ही हातांची फुली. म्हणजे : थांबा, सोडू नका.

जेवणं झाली आणि वारा आला.

आधी सुरूचे शेंडे बोलायला लागले. मग टपरीवरची ताडपत्री फडफडली, हरेश्वर शिव्या घालत तिला दगड बांधू लागला. मग पाणी काळपट झालं आणि त्याच्यावर फेस दिसायला लागला. समुद्राकडून, पण तिरका, उत्तरेच्या अंगानं येणारा वारा. भरून येत होता. मध्येच ढकलून देत होता.

"मोठा आहे का गं आज?" दादांनी विचारलं.

"चालेल."

तिनं केस बांधले. सोडले. परत बांधले. दहावीच्या पेपरला निघताना ती असंच करायची, आणि कुमुद म्हणायची, घाबरली आहे, काही बोलू नका. दादा काही बोलले नाहीत. आज नको, एवढं म्हटलं असतं तर ती कदाचित थांबली असती. पण थांबली असती तर ते अटीत धरलं गेलं नसतं. हा हिशेब आपल्या डोक्यात चालू आहे हे दादांना कळलं आणि त्यांना स्वतःची किळस आली. तरी ते बोलले नाहीत.

शर्टाच्या खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, फोन वाजला.

"काय चाललंय?" कुमुद.

"निघतेय आता पाण्यात."

"वारा आहे?"

"आहे."

"बरं," कुमुद म्हणाली. त्या बरंमध्ये इतकं काही होतं की दादांनी फोन लगेच ठेवला.

पतंग फुगवून झाला. अनुयानं दोऱ्या पसरल्या, पट्टा आवळला, कमरेपाशी असलेली लाल मूठ एकदा चाचपली. काही बिनसलं तर ती मूठ ढकलायची. पतंगाचा जोर तिथंच तुटतो. मग दोघं आपापल्या जागी गेली. दादा पतंग घेऊन पाण्याच्या कडेला, पाठ सूर्याकडं. अनुया वर, कोरड्या वाळूत, ऊन थेट तिच्या डोळ्यांवर. मध्ये पसरलेल्या दोऱ्या. आणि बाजूला, वारा जिकडं ढकलत होता त्या बाजूला, सुरूची झाडं. आज ती रोजच्यापेक्षा जवळ वाटत होती. प्रणय असता तर त्यानं पुढं मोकळ्या किनाऱ्यावर चल म्हटलं असतं. दादांना एवढं कळत नव्हतं, आणि अनुयाला झाडं दिसत असून दिसत नव्हती. ती फक्त खांद्याचा विचार करत होती.

अंगठा. झोत. मूठ. फुली. सुटला.

असं झालं. एका श्वासात झालं. पण दादांना ते सावकाश दिसलं, म्हणून सावकाशच सांगायला हवं.

पतंग दादांच्या हातांत जिवंत होता. दावं ओढणाऱ्या वासरासारखा हिसडे देत होता. दादांनी कड तळव्यांनी धरली होती, अगदी सांगितली तशी. दोऱ्या ताणल्या गेल्या. कापडाची फडफड थांबली. म्हणजे पतंगात वारा भरला. अनुया वाकून मागं रेलली, तिनं पतंगाकडं पाहिलं, दादांकडं पाहिलं, झाडांकडं पाहिलं, आणि

झोत आला. टाचा वाळूतून सुटल्या. दादा चवड्यांवर उचलले गेले. आणि त्यांच्या उजव्या हातानं, त्यांना न विचारता, कडेला लोंबणारी ती बारीक दोरी पकडली आणि दोन बोटांभोवती एक वेढा घेतला.

टाचा परत टेकल्या. झोत ओसरला.

अनुयाचा अंगठा वर होता.

दादांना तो स्वच्छ दिसला. ऊन त्यांच्या पाठीमागून थेट त्या अंगठ्यावर पडलं होतं. नखसुद्धा दिसलं. मध्ये काही करायचं नव्हतं. बोटं उघडायची, संपलं. पण दादांनी मध्ये केलं. त्यांच्या मनात आलं : सोडला की गेली.

एवढंच आलं. पण बोटं मिटलेली राहिली.

अंगठा हलला. काय झालं, असं विचारल्यासारखा. मग दुसरा झोत आला, पहिल्यापेक्षा मोठा, तो पाण्यावरून येताना अनुयाला दिसला असावा. तिनं दोन्ही हात छातीसमोर फुलीसारखे धरले. थांबा. सोडू नका. आणि नेमकं तेव्हाच पतंग दादांच्या मुठीभोवती गरकन फिरला, दोरी बोटांतून कातडं घेऊन सरकली, आणि पतंग गेला. दादांनी तो सोडला नव्हता. तो त्यांच्याकडून हिसकावला गेला. ते गुडघ्यांवर पाण्यात पडले.

पतंग वर चढला नाही. तो आडवा, सरळ झाडांच्या दिशेनं गेला, आणि सगळा वारा एकदम त्याच्या पोटात शिरला. असा आवाज झाला की कुत्रं उठलं. अनुयाचे पाय सुटले. ती छातीवर पडली आणि वाळूतून जायला लागली. मागं नांगरल्यासारखी चरी पडत होती.

"पोरगी गेली! पोरगी गेली!" हरेश्वर कोयता टाकून टपरीतून धावला. त्याचे दोन्ही हात पुढं, दोऱ्यांकडं.

"दोरीला हात लावू नको!" दादा ओरडले. असे ते जन्मात ओरडले नव्हते. "बोटं जातील! सोड! अनू, लाल मूठ! लाल मूठ!"

वारा त्यांच्या पाठीमागून होता. आवाज तिच्यापर्यंत गेला असेल. नसेलही. उजवा हात तिच्या अंगाखाली अडकला होता, तोच, मोडका. दादा धावत होते आणि ओली पँट पायांत येत होती. झाडाचं पहिलं खोड तिच्यापासून एका गाडीच्या लांबीवर होतं. मग अर्ध्या गाडीच्या.

तिचा डावा हात लाल मुठीपर्यंत पोचला आणि पतंग मेला. आकाशातच, फुगा फुटल्यासारखा. सुरूच्या फांद्यांवर पडला आणि टर्रकन फाटला.

वाळूतली चर थांबली.

काही खूण नाही.

ती पालथीच होती. मग उताणी झाली. तोंडात वाळू, हनुवटी सोललेली, एका कोपराला रक्त. दादा शेजारी बसले. हात लावावा की नाही हेही त्यांना कळेना. उजवी मूठ त्यांनी घट्ट मिटून ठेवली होती.

अनुयानं डोळे मिटले आणि उजवा हात हळूहळू वर उचलला. कानापर्यंत. डोक्यापर्यंत. फिरवला.

"आहे," ती म्हणाली. "खांदा आहे."

हरेश्वर शहाळं घेऊन आला. अर्धं पाणी वाटेतच सांडलं होतं. "पी गो बाय. आधी चूळ भर. मला वाटलं आता काय झाडच..." फांदीवरच्या फाटक्या कापडाकडं बघत तो टपरीकडं परत गेला.

अनुयानं चूळ भरली. थुंकली. वाळूत पडलेल्या चरीकडं बघत बसली.

"लांब ओढलं," ती म्हणाली.

दादांनी मिटलेली मूठ मांडीखाली घेतली.

"झोत येताना दिसला होता मला. त्याच्या आधी सोडायला सांगायला हवं होतं. ऊन डोळ्यांवर होतं, तुमचे हात दिसतच नव्हते. मला वाटलं माझा अंगठा नीट वर गेला नाही, खांदा असा अडतो ना मध्येच. म्हणून तुम्हाला दिसला नसेल." तिनं नाक पुसलं. "तुमची काही चूक नाही, दादा. चेहरा असा करू नका."

तिनं परत चूळ भरली.

"ठरलं होतं ते ठरलं होतं. चावी गाडीलाच आहे. उद्या निघू. बोट पकडली की दुपारपर्यंत नागाव." ती रडत नव्हती. दातांतली वाळू जिभेनं काढत होती. "आईला तुम्हीच सांगा. मला तिचं ते 'बरं' ऐकायचं नाही."

किती सोपं होतं. काहीच करायचं नव्हतं. कुमुदनं सांगितलं होतं तसं : बोलायचं नाही, नुसतं बघायचं. गाडी माडांखाली उभी राहील. अनुया अलिबागला कुठंतरी शिकवायला लागेल, संध्याकाळी घरी येईल, खांदा बरा होईल. मूठ खिशात घातली की झालं. जखम दोन-चार दिवसांत सुकते. शिवाय तिथली कातडी आधीच मेलेली.

खिशात फोन वाजायला लागला.

उघडी मूठ.

डाव्या हातानं त्यांनी फोन पिशवीतून काढला. अनुया तोंड फिरवून समुद्राकडं बघत होती.

"अहो, उचलत का नाही? मघापासून जीव खालीवर होतोय. काय झालं?"

"ओढली गेली," दादा म्हणाले.

"लागलं?"

"खरचटलंय. खांदा चांगला आहे."

"देवा." मग थोडं थांबून, "वाळूवर?"

"वाळूवर."

"मग झालं तर. संपलं. तिला म्हणावं, आई रागावलेली नाही. या दोघं. आंबोळ्या करते. तिला म्हणावं..."

"कुमुद, ऐक. वाऱ्यानं नाही ओढली. मी ओढली."

अनुयानं मान वळवली.

दादांनी फोन वाळूवर ठेवला, चालूच. आणि उजवी मूठ तिच्यापुढं उघडली. दोन बोटांभोवती, तर्जनी आणि मधलं, लाल ओली खाच गोल फिरलेली होती. तिथून ती तळव्यावर उतरून जुन्या गुळगुळीत पट्टीला मिळाली होती.

अनुया त्या हाताकडं बघत राहिली. तिला समजावून सांगायची गरज नव्हती. सकाळीच हा हात तिनं असा धरून दाखवला होता.

"वेढा," ती म्हणाली.

"हो."

"अंगठा दिसला होता?"

"दिसला होता. नख दिसलं होतं."

"आणि धरून ठेवलात."

"हो."

"मुद्दाम?"

फोनमधून कुमुदचा बारीक आवाज येत होता, अहो, अहो. दादांनी खरंच विचार केला. नाही म्हणावं, असं फार वाटत होतं. "वेढा आपोआप झाला," ते म्हणाले. "पुढचं मला माहीत नाही. सोडला की तू जाशील, असं मनात आलं. त्याच्यापुढं मी काय केलं ते मला माहीत नाही."

अनुया उठली. उठताना त्यांचा हात घेतला नाही.

"मी मेले असते," ती म्हणाली. "त्या झाडावर. तुमच्या डोळ्यांसमोर. माहितेय तुम्हाला?"

"हो."

"आणि मी मूर्खासारखी म्हणतेय, तुमची चूक नाही!" तिचा आवाज फाटला. "खांद्याला दोष देत होते मी. माझ्या खांद्याला!"

ती गाडीकडं चालायला लागली. दार सरकून आपटलं. पूर्ण गाडी हलली, जाळीतले कांदे डुलताना खिडकीतून दिसले.

दादांनी फोन उचलला.

"हे धरलं जाणार नाही, कुमुद," ते म्हणाले. "अट तिच्या आणि वाऱ्याच्या मधली होती. मी मध्ये आलो."

बराच वेळ नागावच्या वाडीतले पक्षी ऐकू येत राहिले.

"म्हणजे तुम्ही तिच्या बाजूचे," कुमुद म्हणाली.

"मी तुझ्याच बाजूचा आहे गं. म्हणूनच तर झालं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. "हात खाऱ्या पाण्यानं धुऊ नका," ती म्हणाली. "हळद लावा." आणि फोन बंद झाला.

अंगठा वर.

गाडीचं दार उघडलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं, पण वारा होता. एकसारखा झाला होता. हरेश्वरनं ताडपत्रीचे दगड अजून काढले नव्हते.

अनुयाच्या हनुवटीवर पट्टी होती. हातात दुसरी पिशवी, पहिल्यापेक्षा लहान. ती दादांसमोर टाकली. वर हळदीची डबी आणि जुन्या ओढणीची चिंधी.

"आधी ते बांधा."

दादांनी बांधलं. एका हातानं गाठ बसेना. ती बघत राहिली, मग वाकून तिनं करकचून गाठ मारली. प्रेमानं नाही.

"हा लहान आहे. आणि तिकडं जायचं, पुढं, जिथं मागं झाडं नाहीत. ती चूक माझी होती."

"अनू, आज नको. आज तुझं..."

"आज गेले नाही तर मी परत कधीच जाणार नाही. मला माहितेय मी." ती पट्टा आवळत होती. "आणि दुसरं कोणी नाही इथं. हरेश्वर आहे, पण तो तर माझ्याबरोबर उडून जाईल."

"मी जड हाय!" टपरीतून आवाज आला.

"पुन्हा धरलात," अनुया दादांना म्हणाली, "तर उद्या तुम्हाला एसटीत बसवीन. आणि मग मी काय करीन, कुठं असेन, ते विचारायचं नाही. कोणीच."

दोघं बरीच पुढं चालत गेली. मोकळा किनारा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कोरडी वाळू, त्यापुढं वाळूवर पसरलेली नुसतीच मर्यादवेल. दादा पाण्याच्या कडेला उभे राहिले. लहान पतंग मोठ्यापेक्षा जास्त तडफडत होता. त्याच्याही कडेला बारीक दोऱ्या होत्या. त्या त्यांच्या मनगटाला लागत होत्या, सरकत होत्या, परत लागत होत्या.

हात ओळखत होते त्यांना.

दादांनी बोटं आधीच सरळ केली. तळवे फक्त. कड दोन तळव्यांच्या मध्ये, जशी कापराची आरती घेताना हात असतात तसे. असं धरलं तर नीट धरता येत नव्हतं. पतंग सुटेल असं सारखं वाटत होतं. चिंधीतून हळद झोंबत होती.

दूर वाळूत अनुया. तिनं एक हात कपाळावर आडवा धरून ऊन अडवलं. आता तिला त्यांचे हात दिसत होते. ती ते बघतेय हे दादांना दिसलं. कितीतरी वेळ ती नुसतं बघत राहिली. फडफड थांबली. पतंग भरला. झोत आला, टाचा हलल्या, पण उचलल्या नाहीत.

तिनं छातीसमोर फुली केली.

दादा थांबले. झोत पाण्यावरून आला, त्यांच्या कानांवरून गेला, मर्यादवेलीत शिरला. तळवे घामानं ओले झाले. उजव्या हाताची दोन बोटं आत वळायला लागली, एका जुन्या सवयीनं, आणि दादांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही. त्यांनी फक्त तिच्याकडं पाहिलं.

फुली सुटली.

अंगठा.

हातात काही नव्हतं.

पतंग वर होता, त्यांच्या डोक्याच्या किती वर. दादांना वाटलं आपण उशीर केला, की लवकर केलं, की आपण काही केलंच नाही. समोर अनुया फळी उचलून पाण्यात शिरत होती. एकदा धडपडली. उभी राहिली. मग पाण्यावर एक पांढरी रेघ उमटली आणि ती रेघ दूर जायला लागली.

खिशात फोन वाजला. त्यांनी उचलला नाही. कुमुद असणार, आणि तिला सांगायला आत्ता त्यांच्याकडं काही नव्हतं. शिवाय हात मोकळे ठेवायला हवे होते. ती कधीही किनाऱ्याकडं वळेल आणि डोक्यावर हात ठेवील. तोवर इथंच उभं राहायचं होतं, पायाखालची वाळू लाट ओढून नेत होती तरी.